घोड्याला गोठा पुरत नाही

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजारही. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून मारवाडी, काठेवाडी जातींचे घोडे येथे येतात. घेणारा घोड्याचे दात पाहतो, रंग पाहतो, चाल पाहतो. पण घरी नेल्यावर हा घोडा कोठे राहील आणि रोज किती चालेल, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.

घोडा आणि बैल दोघेही चारा खाणारे. तेव्हा एकाची सोय दुसऱ्याला चालेल, असे सहज वाटते. शरीररचना मात्र वेगळेच सांगते.

पोट आणि पाय

बैलाच्या पोटाला चार कप्पे असतात. तो भराभर चारा पोटात भरतो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर एकच आणि देहाच्या मानाने लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे असते. त्यात आम्ल सतत पाझरत राहते. आम्लाचा जोर कमी करणारी लाळ मात्र चावताना सुटते. म्हणूनच माळावरचा मोकळा घोडा दिवसरात्रीतील १४ ते १६ तास चरत, पावलापावलाने पुढे सरकत असतो. हाच घोडा दोन वेळा चंदीचा तोबरा देऊन बांधून ठेवला, तर रिकाम्या जठराला आम्लाने व्रण पडू शकतात. त्यातच घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे पोटात वायू धरला किंवा चारा अडकला, तर पोटशूळ उठतो आणि तो प्राणावरही बेततो.

पायांचेही असेच. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नाहीत, फक्त हाडे आणि स्नायुबंध. मग पायातले रक्त वर परत कसे जाते? खुराच्या तळाशी रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. प्रत्येक पावलाला खूर दाबला जातो आणि आतले रक्त वर ढकलले जाते. चालणे हाच त्याचा पंप! तासन्‌तास उभ्या असलेल्या घोड्याचे पाय सुजतात, ते यामुळेच.

युरोपात ओढकामाच्या घोड्यांना ‘सोमवारचा आजार’ होत असे. रविवारी काम बंद, पण चंदी पूर्ण. सोमवारी गाडीला जुंपताच पुठ्ठ्याचे स्नायू ताठरत आणि लघवी काळपट होई. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील रंगद्रव्य लघवीत उतरते, म्हणून हा रंग. लग्नसराईपुरत्या बाहेर काढल्या जाणाऱ्या घोड्यालाही हा धोका आहे. यातून धडा असा, की विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करावी. चारा मात्र कमी करू नये.

तबेला कसा असावा?

घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. म्हणून साधारण १२ फूट लांब व १२ फूट रुंद जागा हवी. अगाडी-पिछाडी आखूड बांधली, तर त्याला नीट झोप मिळत नाही.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. लघवीने भिजलेल्या जमिनीतून अमोनिया वायू निघतो आणि श्वासमार्गाला इजा करतो. तबेल्यात खाली वाकून पाहावे. डोळे चुरचुरले, तर हवा खराब आहे असे समजावे. छप्पर उंच, वारा खेळता आणि अंथरूण कोरडे हवे. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते. खानदेशच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. चारा वाळूवर टाकू नये, कारण वाळू पोटात साचते. जमिनीलगतचे पसरट घमेले उत्तम.

घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, त्यामुळे त्याला दुसरा घोडा निदान दिसावा. एकटा कोंडलेला घोडा कठडा चावतो, जागच्या जागी झुलत राहतो. आपण त्याला ‘खोड’ म्हणतो. वास्तविक ती कोंडून ठेवल्याची खूण असते.

व्यायाम

दिवसातले काही तास कुंपणाच्या आवारात मोकळे सोडणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल, तर सकाळ-संध्याकाळ हाताला धरून फिरवावे. रपेटीची पहिली दहा मिनिटे साधी चाल, मग दुडकी, शेवटी पुन्हा साधी चाल असा क्रम ठेवावा. बरेच दिवस बांधलेल्या घोड्याचे काम आठवड्या-आठवड्याने वाढवावे.

विद्यार्थ्यांसाठी यात एक चांगला प्रयोग आहे. मालकाच्या परवानगीने, घोड्याच्या मागे न जाता, विश्रांतीच्या वेळी त्याचे श्वास मोजावेत. निरोगी घोड्यात ते मिनिटाला ८ ते १६ असतात. रपेटीनंतर पुन्हा मोजावेत आणि ते पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागतात याची नोंद ठेवावी. नियमित फिरवलेला घोडा लवकर सावरतो. अशा नोंदी महिनाभर ठेवल्या, तर रोजच्या व्यायामाचा परिणाम मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल आणि घोड्याच्या मालकालाही.