कोटगढची स्टोक्स बाग

गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे हातगाड्यांवर जे ‘सिमला सफरचंद’ येतं, त्याचं घराणं शिमल्याच्या ८० किलोमीटर पुढचं. नारकंडा ओलांडलं की सतलजच्या खोऱ्यावर कोटगढ-ठाणेधारचा डोंगर लागतो. तिथल्या स्टोक्स कुटुंबाच्या बागेत हे फळ रुजलं.

सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हा फिलाडेल्फियातल्या सधन क्वेकर घरातला तरुण १९०४ मध्ये सबाथूच्या कुष्ठाश्रमात सेवेसाठी आला. १९१२ मध्ये कोटगढच्याच अ‍ॅग्नेसशी लग्न करून त्यानं बारोबागचा जुना चहाचा मळा घेतला, ‘हार्मनी हॉल’ बांधला आणि तो तिथलाच झाला.

सफरचंद या डोंगरांना अगदीच परकं नव्हतं. कुलूत कॅप्टन ली यांनी १८७० च्या सुमारास बाग लावली होती. पण ते इंग्रजी वाण आंबट, साहेबाच्या जिभेचे. स्टोक्स यांनी १९१६ मध्ये मिसुरीतल्या स्टार्क ब्रदर्सच्या रोपवाटिकेतून रेड डिलिशसची कलमं मागवली. फळ लाल, गोड, घाऊक बाजारात उठून दिसणारं. पुढे गोल्डन डिलिशसही आलं आणि त्याचा उपयोग चवीपुरता नव्हता. रेड डिलिशसला स्वतःच्या परागावर नीट फळ धरत नाही. मधून मधून गोल्डनची झाडं हवीत आणि दोन्हींमध्ये फिरायला मधमाश्या. तिकडचे बागायतदार फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून ठेवतात, ते याचसाठी.

कलमं वाढत होती तेव्हा मालक मात्र भलत्याच कामात होता. हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावरच्या या गावांतल्या शेतकऱ्यांना साहेबांचं सामान फुकट वाहावं लागे. या बेगारीविरुद्ध स्टोक्स लढले आणि १९२१ मध्ये ती बंद झाली. त्याआधी १९२० च्या नागपूर काँग्रेसला ते कोटगढचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. १९२१ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षाही झाली.

माझ्या मते त्यांचं मोठं काम बाग लावण्यात नाही, ती शेजाऱ्यांच्या बांधावर जाऊ देण्यात आहे. त्यांनी रोपं वाटली, छाटणी-कलम शिकवलं. परोपकार तर होताच, पण व्यवहारही होता. एकट्याच्या बागेसाठी त्या डोंगरात ना रस्ता झाला असता, ना आढत्या फिरकला असता.

१९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले. १९४६ मध्ये वारले. बाग मुलाकडे, मग नातवंडांकडे गेली. सून विद्या स्टोक्स तर हिमाचलच्या फलोत्पादन मंत्री झाल्या. 

आता अडचण हवेची आहे. डिलिशसच्या झाडाला हिवाळ्यात साधारण हजार तासांची थंडी लागते. बर्फ घटलं, तशी लागवड किन्नौरच्या दिशेनं वर सरकते आहे. खालच्या बागांत जुनी झाडं काढून गालासारखे कमी थंडीवर भागणारे वाण बुटक्या खुंटावर दाट लावतात. डिलिशसचं थोराड झाड फळायला आठ-दहा वर्षं घेई, हे तिसऱ्या वर्षीच फळतं. हिशेब बरोबर आहे, पण हे झाड आयुष्यानं थोडकं, पुढच्या पिढीला पुन्हा लावावं लागणार.

ठाणेधारला जायचं तर ऑगस्टात, तोडणीच्या वेळी जा. मात्र पावसानं दरडी कोसळतात, म्हणून हातात एक दिवस जास्तीचा ठेवा.