मिल्किंग मशीनचा लायनर कधी बदलायचा? महिने नको, धारा मोजा

बीड : आष्टी-पाटोद्याकडच्या गोठ्यांत आता मिल्किंग मशीन नवलाईची राहिलेली नाही. मोटर बंद पडली की लगेच कळते. सडाला लागणारा रबरी लायनर निकामी झाला तरी मशीन मात्र चालूच राहते. त्याची किंमत गायीच्या कासेला मोजावी लागते.

लायनरचे काम काय?
स्टीलच्या कपात बसणारी ही रबरी नळी. पल्सेटर तिला मिनिटाला साधारण ६० वेळा उघडतो आणि मिटवतो. उघडल्यावर दूध येते, मिटल्यावर सडाला मालिश होऊन रक्ताभिसरण सुरळीत राहते. सहा मिनिटांच्या एका धारेत हे ३६० वेळा घडते.

रबर खराब का होते?
दुधातील स्निग्धांश रबरात मुरतो आणि ते फुगते. गरम पाणी, धुण्याची पावडर आणि क्लोरीनमुळे लवचिकता जाते. बीडमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात वाळत घातलेल्या रबराला लवकर तडे जातात.

धोका कोणता?
सैल पडलेला लायनर पूर्ण मिटत नाही. सडाच्या टोकाला सूज येते, धार लांबते, कप घसरतो. बारीक तड्यांत लपलेले जंतू धुऊनही निघत नाहीत. त्यातून कासदाह, म्हणजेच दगडी होण्याचा धोका वाढतो. प्रतिजैविके सुरू असताना आणि नंतरचे ठरावीक दिवस दूध डेअरीला घालता येत नाही. म्हणजे औषधाचा खर्च वेगळा आणि बुडालेले दूध वेगळे.

असा करा हिशेब
रबरी लायनरसाठी सर्वसाधारण मर्यादा २,५०० धारा किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी होईल ते.

सूत्र : २,५०० × क्लस्टरची संख्या ÷ रोजच्या धारा

१० गायी, दोन वेळा धार आणि एकच क्लस्टर असेल, तर रोज २० धारा. म्हणजे लायनर १२५ दिवसांत, जेमतेम चार महिन्यांत बदलायला हवा. सिलिकॉनचे लायनर जास्त टिकतात, त्यांची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावी.

हे तपासा
• टॉर्च लावून आत तडे, खरखरीतपणा दिसतो का?
• लायनरचे गोल तोंड लांबट झाले आहे का?
• कप काढल्यावर सड निळसर दिसतो का?

यांपैकी काहीही आढळले तर मुदतीची वाट पाहू नये. एका क्लस्टरचे चारही लायनर एकदम बदलावेत. धुतल्यावर ते सावलीत वाळवावेत आणि बदलल्याची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहावी.