गणवेश आणि नोंदणी

घरातील वृद्धांच्या शुश्रूषेसाठी ब्यूरोकडून ‘नर्स’ बोलावली जाते आणि पांढऱ्या गणवेशावरूनच तिची पात्रता गृहीत धरली जाते. अंघोळ घालणे, भरवणे हे अनुभवी सेविकाही मायेने करते. इंजेक्शन, सलाईन यांसाठी मात्र नोंदणीकृत परिचारिकाच हवी. १९४७च्या केंद्रीय कायद्याने परिचर्या शिक्षणाला देशभर समान दर्जा दिला. आपल्या राज्यात नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. दुकानातील तराजूवरचा सरकारी शिक्का जसा ग्राहकासाठी, तशी ही नोंदणी रुग्णासाठी असते. परंतु ती कोणी पाहिलीच नाही, तर संरक्षण कागदावरच राहते. म्हणून कामावर ठेवण्यापूर्वी नोंदणी क्रमांक व नूतनीकरणाची तारीख अवश्य विचारावी. पात्र परिचारिकेला त्यात अपमान वाटत नाही.