घरबसल्या कमाई : किती खरी, किती खोटी

2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि माळशिरस, अकलूज, नातेपुते पट्ट्यातल्या तरुणांना घरबसल्या कमाईची स्वप्ने पडू लागली. आषाढी वारीत इथल्या पुरंदावड्याच्या रिंगणात अश्व धावू लागला की चहूबाजूंनी मोबाइल वर होतात. पण व्हिडिओ टाकला म्हणजे पैसे सुरू झाले, असे नसते. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळवण्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तासांचे प्रेक्षण, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातले 55 टक्के निर्मात्याला मिळतात, तेही 100 डॉलर साठल्यावर. शिवाय सगळा डोलारा परक्या मंचावर उभा असतो. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले.

याहून वाईट गत 'टास्क'च्या, म्हणजे छोट्या ऑनलाइन कामांच्या नावाखाली होणाऱ्या, फसवणुकीत होते. व्हिडिओ लाइक केल्याबद्दल आधी शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. विश्वास बसला की मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम मागतात. स्क्रीनवर नफा फुगत जातो. तो काढायला गेले की 'कर' आणि 'शुल्क' भरायला सांगतात. हातात काहीच पडत नाही. अशा वेळी 1930 या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब तक्रार केल्यास पुढच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते. काम देणाराच पैसे मागत असेल, तर ती नोकरी नव्हे.