ब्रुनोचा तोल जातो तेव्हा...

रविवारची सकाळ. सावेडीहून आईचा फोन. 'लवकर ये गं, ब्रुनोला लकवा मारलाय!' पुणे ते नगर जेमतेम १२० किलोमीटर, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडी अजून 'नगर'च!)

घरी पोचले तर तेरा वर्षांचा आमचा ब्रुनो फरशीवर आडवा. मान डावीकडे कललेली, बुबुळं भिरभिरतायत, उठायला गेला की धपकन डावीकडेच. दोनदा उलटीही झालेली. शेजारचे काका म्हणाले, 'वय झालंय. इंजेक्शन देऊन मोकळं करा बिचाऱ्याला.' बाबा गप्प. खरं सांगू? मीही जवळजवळ 'हो' म्हणणार होते.

बरं झालं, आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कान तपासले, पंजा उलटा दुमडून ठेवला. ब्रुनोनं तो लगेच सरळ केला. डॉक्टर म्हणाले, 'लकवा नाही. दोन-तीन दिवस बघू.'

गडबड असते कानात!

आपल्यासारखाच कुत्र्याचाही तोल आतल्या कानात सांभाळला जातो. गवंड्याच्या लेव्हलसारखी ही यंत्रणा बिघडली की कुत्र्याला सगळं जग गरगर फिरल्यासारखं वाटतं. याला म्हणतात व्हेस्टिब्युलर सिंड्रोम. म्हाताऱ्या कुत्र्यांना तो अचानक होतो, अनेकदा कारणही सापडत नाही. कधी मागे कानातलं इन्फेक्शन असतं, कधी थायरॉईड, कधी एखादं औषध. कारण सापडलं नाही, तर बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत सावरायला लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत चालती होतात. थोडी वाकडी मान मात्र कायमची राहू शकते.

पण गाफील राहू नका. डोळे वर-खाली फिरत असतील, पंजे दुमडलेलेच राहत असतील, कुत्रा गुंगीत असेल किंवा फिट येत असेल, तर दुखणं मेंदूचं असू शकतं. कुत्रा तरुण असेल तर डिस्टेंपरची शंका घ्यावी लागते. म्हणूनच ती लस चुकवायची नाही. मोठ्या तपासण्यांसाठी मोठं शहर गाठावं लागतं. शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, मुंबईत परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं हॉस्पिटलही सुरू झालंय.

घर बदला, कुत्रा नाही

आपल्या गुळगुळीत टाइल्स म्हणजे अशा कुत्र्यासाठी बर्फच. आम्ही जुन्या चटया, बाथरूम मॅट, माझी धूळ खात पडलेली योगा मॅट, सगळं अंथरलं. जिन्याला आडवा पाट लावला. आईची जुनी ओढणी पोटाखालून घेतली, की शी-शूसाठी अंगणात न्यायला झकास पट्टा तयार! सारखं कडेवर घेऊ नका. पाय जमिनीला टेकले की त्याला धीर येतो.

खाऊ घालताना छातीवर बसवून, छोटे छोटे घास हातानं द्या. पाणी उथळ भांड्यात. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, सलाईन लागू शकतं. झोपून असेल तर तीन-चार तासांनी कूस बदला, अंथरूण कोरडं ठेवा. रात्री झीरोचा बल्ब चालू ठेवा, कारण तोल गेलेल्या कुत्र्याला डोळ्यांचाच आधार असतो.

आणि दोन गोष्टी अजिबात नाही! घरातल्या क्रोसिन-ब्रुफेनला हात लावू नका, कुत्र्यासाठी त्या गोळ्या विषारी ठरू शकतात. कपाटातले जुने कानाचे ड्रॉप्सही नकोत. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्स आतल्या कानाचं आणखी नुकसान करतात.

रजा कशी मागायची?

माझं काम फ्रीलान्स. लॅपटॉप उचलला आणि नगरलाच मुक्काम ठोकला. भाऊ हिंजवडीत आयटीत. त्यानं 'फॅमिली इमर्जन्सी' लिहून दोन दिवस रजा टाकली. त्यात खोटं काय होतं? दिवसा आई, संध्याकाळी आम्ही, रात्रपाळी बाबांची. पाळ्या लावल्या नाहीत तर घरातलं एकच माणूस दमून जातं, आणि मग 'मोकळं करू या'चा विचार पटकन डोक्यात येतो.

चौथ्या दिवशी ब्रुनोनं बाबांच्या हातून दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. आठव्या दिवशी झुलत झुलत फाटकापर्यंत गेला. बाबा माझ्याकडे पाठ करून डोळे पुसत होते.

मान अजून डावीकडेच आहे. 'काय म्हणताय?' असं जगाला विचारत असल्यासारखी! शेजारचे काका आता रोज सकाळी फाटकाशी त्याच्यासाठी बिस्किट घेऊन उभे असतात. त्या रविवारचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.