लिंकनच्या पणजोबांचा शोध

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी अब्राहम लिंकनला आपल्या पणजोबांचं नाव ठाऊक नव्हतं. २ एप्रिल १८४८ रोजी त्याने व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीत राहणाऱ्या डेव्हिड लिंकनला वॉशिंग्टनहून एक पत्र लिहिलं. तुमचे काका अब्राहम आणि माझे आजोबा एकच, याबद्दल आता शंका उरलेली नाही, असं त्यात म्हटलं आणि पाठोपाठ प्रश्न विचारले: तुमच्या आजोबांचं नाव काय? ते क्वेकर पंथाचे होते का? पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतून ते व्हर्जिनियात कधी आले? डेव्हिडचे आजोबा म्हणजेच लिंकनचे पणजोबा. लिंकन तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता, इलिनॉयमधला चांगला चालणारा वकील होता, आणि घराण्याची चौकशी करताना एका अनोळखी चुलत्याला अगदी सरळ, काहीशा आतुरतेने लिहीत होता.

मला कुलवृत्तांत वाचण्याचं वेड आहे. आपल्याकडे गोखले, आपटे अशा घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत निघाले, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पूर्वजांची सही पाहून डोळे पाणावलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आपली बहुतेक घराणी एखाद्या गावाशी, कुलदैवताशी, वतनाशी बांधलेली असतात. माणूस कुठेही गेला तरी गुहागर किंवा जेजुरी जागची हलत नाही. जे घराणं दर पिढीला गाव सोडतं, देवस्थान नाही, वतन नाही आणि मागे पत्रही पाठवत नाही, त्याचा माग कसा काढायचा? लेकीकडे न्यू जर्सीला जाणं सुरू झालं तेव्हापासून या प्रश्नाने मला धरलं. लिंकन घराण्याइतकं त्याचं सुंदर उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधले प्युरिटन धर्मछळामुळे, आणि पुष्कळजण पोटासाठीही, मॅसॅच्युसेट्सला गेले. नॉरफोक परगण्यातल्या हिंगहॅम गावचे लोक तर इतक्या संख्येने गेले की तिकडच्या वसाहतीलाही त्यांनी हिंगहॅम हेच नाव दिलं. त्यांच्यातच सॅम्युअल लिंकन होता. १६३७ साली फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराचा नोकर म्हणून तो 'जॉन अँड डॉरोथी' जहाजाने आला. बाप्तिस्म्याची नोंद २४ ऑगस्ट १६२२ची, म्हणजे मुलगा जेमतेम चौदा-पंधराचा. जहाजाच्या यादीत मात्र वय १८ आणि आडनाव 'लिंकॉर्न'. हे 'लिंकॉर्न' लक्षात ठेवा.

मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमला मी गेले ते तिथलं १६८१ सालचं लाकडी प्रार्थनामंदिर बघायला. छताच्या तुळया उलट्या घातलेल्या जहाजासारख्या दिसतात, म्हणून त्याला ओल्ड शिप चर्च म्हणतात. सॅम्युअल ते बांधलं गेलं तेव्हा गावात होता. तो १६९० साली वारला. पण मला त्याहून आवडली ती गावाच्या जुन्या नोंदींतली एक गोष्ट. तिथे एकाच काळात चार थॉमस लिंकन होते. कारकुनाने त्यांना धंद्यावरून वेगळं केलं: विणकर थॉमस, पिंपं बनवणारा थॉमस, गिरणीवाला थॉमस आणि शेतकरी थॉमस. विणकर थॉमस हा सॅम्युअलचा सख्खा भाऊ. पिंपवाल्या थॉमसच्या वंशात पुढे अमेरिकन क्रांतियुद्धातला जनरल बेंजामिन लिंकन झाला, आणि त्याचा आपल्या अब्राहमशी नात्याचा धागा जुळत नाही. आडनाव एक, गाव एक, तरी घराणी वेगळी. शंभर वर्षांनी कागद चाळणाऱ्याची वाट त्या कारकुनाच्या एका विशेषणाने मोकळी करून ठेवली.

आता माझा सगळ्यात आवडता भाग: नावं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे आहे, तशीच या लिंकनांतही होती, आणि सव्वादोनशे वर्षांचा हा माग मुख्यतः तिच्यावरच उभा आहे. सॅम्युअलच्या एका मुलाचं नाव मॉर्डेकाय. तो लोहार होता. त्याने हल गावच्या अब्राहम जोन्सच्या सारा नावाच्या मुलीशी लग्न केलं. पहिल्या मुलाला बापाचं नाव मॉर्डेकाय, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव अब्राहम. म्हणजे जगाला माहीत असलेलं 'अब्राहम' हे नाव लिंकनांच्या घरात आलं ते एका सुनेच्या माहेरहून. आणि मग प्रत्येक पिढीत, प्रत्येक नव्या मुलखात, मॉर्डेकाय आणि अब्राहम पुन्हा पुन्हा भेटत राहतात. अध्यक्ष लिंकनच्या आजोबांचं नाव अब्राहम आणि थोरल्या काकांचं मॉर्डेकाय.

हा धागा लिंकनच्या स्वतःच्या हाती आला होता. मार्च १८४८ मध्ये हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकनने, ज्याने १८२७ साली गावाचा इतिहास प्रसिद्ध केला होता, अब्राहमकडे घराण्याची चौकशी केली. लिंकनने उत्तरात जे होतं ते सगळं दिलं: वडील थॉमस, आजोबा अब्राहम, १७८२च्या सुमारास व्हर्जिनियातून केंटकीला आले, त्याआधी पेनसिल्व्हेनिया आणि क्वेकर असल्याची अस्पष्ट परंपरा, आणि त्यामागे काहीही ऐकलेलं नाही. वडील लहानपणीच पोरके झाले, नव्या मुलखात गरिबीत वाढले, त्यांना शिक्षण मिळालं नाही, हेही त्याने लिहिलं. स्मृती तुटण्याचं नेमकं ठिकाण त्याने असं दाखवून दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वूस्टर शहरात मॅसॅच्युसेट्सचे माजी राज्यपाल लेव्ही लिंकन यांच्या घरी तो जेवायला होता. दोघेही सॅम्युअलचेच वंशज. एका टेबलाशी बसलेल्या त्या दोघांकडे हे सिद्ध करणारा एकही कागद नव्हता. पुढे डिसेंबर १८५९ मध्ये जेसी फेलसाठी आपल्या आयुष्याचं टिपण लिहिताना लिंकनने नमूद केलं की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडण्याच्या प्रयत्नातून ईनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम या नावांच्या साम्यापलीकडे काही निष्पन्न झालं नाही. उत्तर त्याच्या कागदावर होतं. त्याला भक्कम पुराव्याची जोड मिळाली ती त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १८८७ साली सॅम्युअल शॅकफर्ड या संशोधकाच्या लेखांतून.

मधली कडी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात होती. मॉर्डेकाय आणि अब्राहम हे लोहार भाऊ १७१०च्या सुमारास न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत आले, म्हणजे माझी लेक जिथून रोज कामाला जाते त्याच टापूत. या मॉर्डेकायने तिथल्या हॅना साल्टरशी लग्न केलं. पुढे पेनसिल्व्हेनियात तो लोखंडाच्या भट्टीचा भागीदार झाला आणि बर्क्स काउंटीत १७३३ साली दगडी घर बांधलं. ते घर आजही उभं आहे. पंचक्रोशीत बून घराणं होतं. केंटकीची वाट रुळवणारा डॅनियल बून इथेच १७३४ साली जन्मला. बून क्वेकर होते, आणि १७६० साली एका अब्राहम लिंकनने, अध्यक्षाच्या पणजोबांच्या सावत्र भावाने, ॲन बूनशी लग्न केलं. ती अस्पष्ट क्वेकर परंपरा कुठून आली असावी, हे त्या टेकाडांमधून फिरताना मला पटलं.

मॉर्डेकायचा थोरला मुलगा जॉन. हेच ते पणजोबा. १७६८ साली ते शेनँडोआ खोऱ्यात लिनव्हिल नावाच्या ओढ्याकाठी ६०० एकरांवर येऊन वसले. त्यांचे पुत्र कॅप्टन अब्राहम यांनी व्हर्जिनियातली जमीन विकली आणि ते डोंगर ओलांडून केंटकीला गेले. केंटकीच्या जमिनीच्या कागदांवर त्यांचं आडनाव 'लिंकहॉर्न' असं आहे. यावरून काहींनी हे घराणं जर्मन ठरवलं. त्या दाव्याचा निकाल लावला मॅरियन डेक्स्टर लर्नेड यांनी, १९०९ साली. ते स्वतः पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जर्मनचे प्राध्यापक होते. घराणं जर्मन निघालं असतं तर त्यांना आनंदच झाला असता. तरी त्यांनी एकेक दस्त तपासून ते इंग्लिश असल्याचं मांडलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. आणि जहाजाच्या यादीतलं 'लिंकॉर्न' आठवलं तर 'लिंकहॉर्न' परकं वाटतच नाही. कारकून कानाला आलं तसं लिहीत होता, १६३७ मध्येही आणि १७८० मध्येही.

लिनव्हिलजवळच्या लिंकन घराण्याच्या दफनभूमीत मी बराच वेळ थांबले. इथे मागे राहिलेल्या लिंकनांपैकी काहींकडे गुलाम होते. टेनेसीला गेलेल्या, लिंकनच्या आजोबांच्या भावाकडे, आयझॅककडेही होते. गुलामगिरी संपवणाऱ्याच्या रक्ताच्या नात्यात हे होतं. आणि त्या गुलामांच्या वंशजांनी आपलं घराणं शोधायचं म्हटलं तर? १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे; तिच्यात मालकाचं नाव, मग वय, लिंग, रंग. त्यांची स्वतःची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. १८७० साली ती पहिल्यांदा सरसकट नोंदली गेली. त्या सालापाशी लाखो कुटुंबांचा माग अडतो. पश्चिमेकडे सरकण्याची दुसरी किंमत ज्यांनी मोजली त्या शॉनी आणि इतर मूळ रहिवाशांबद्दलही हेच. लिंकनांची प्रत्येक नवी जमीन कुणाच्या तरी जुन्या जमिनीवर होती. मे १७८६ मध्ये शेतात पेरणी करताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात कॅप्टन अब्राहम मारले गेले. त्यांचा मुलगा थॉमस, म्हणजे लिंकनचे वडील, तेव्हा आठ वर्षांचा होता. घरातल्या आठवणीत ते साल १७८४ आणि मुलाचं वय सहा झालं. तोंडी परंपरा इतकीच घसरते. घटना खरी असते, आकडे सरकतात.

थॉमसच्या वाट्याला काय आलं ते बघायला जमिनीचा कायदा समजून घ्यावा लागतो, आणि ज्यांच्या घरी सातबाऱ्यावरून वाद झाला आहे त्यांना तो लगेच समजेल. केंटकीत मोजणी सरकारने आधी करून ठेवलेली नव्हती. ज्याने त्याने आपल्या जमिनीच्या हद्दी ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून खुणेच्या दगडापर्यंत अशा लिहिल्या. झाड पडायचं, ओढा वळायचा, आणि एका जमिनीवर तीन-तीन दावे यायचे. थॉमसने १८०३ साली २३८ एकर घेतले आणि विकताना २०० एकरच हातात होते. ज्या शेतावर अब्राहम जन्मला ते गेलं. नॉब क्रीकवरच्या तिसऱ्या जमिनीवरही दावा आला. १८१६च्या अखेरीस तो इंडियानाला निघाला. लिंकनने पुढे सांगितलं की त्यात गुलामगिरीचं कारण थोडं होतं, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काचं होतं. इंडियानात १७८५च्या कायद्याप्रमाणे सरकारने आधीच सहा मैल चौरसाचे विभाग पाडले होते, प्रत्येकात ३६ तुकडे, एकेक ६४० एकरांचा. एकरी २ डॉलर भरायचे आणि निश्चिंत व्हायचं. माझं मत असं की अमेरिकेच्या पश्चिम प्रवासाच्या कथांमध्ये धाडसाला जेवढी जागा मिळते, तिच्या निम्मीही या मोजणीच्या साखळीला मिळत नाही.

१८३० साली कुटुंब इलिनॉयला हललं. त्यावर्षीच्या जनगणनेत अब्राहम शोधायला गेलात तर एक आकडा सापडेल. १८४०पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीचे वयोगटाच्या रकान्यातल्या खुणा. सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं १८५०पासून.

एक कागद मात्र सगळ्यांवर कडी करतो. थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद सापडत नव्हती. निवडणुकीच्या धामधुमीत लिंकनच्या जन्माबद्दल हीन कुजबुज झाली, आणि त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. लोक शोधत होते हार्डिन काउंटीच्या कोर्टात, कारण कुटुंब तिथे राहिलं होतं. पण लग्न वधूच्या बाजूला, वॉशिंग्टन काउंटीत झालं होतं. लिंकनच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिथल्या स्प्रिंगफील्ड गावच्या कोर्टातल्या जुन्या कागदांत १० जून १८०६चा ५० पौंडांचा विवाहबंध, म्हणजे लग्नाला आडकाठी नसल्याचं हमीपत्र, निघाला, थॉमस आणि वधूचा पालक रिचर्ड बेरी यांच्या सह्यांचा. सोबत पाद्री जेसी हेडची नोंद: लग्न १२ जून १८०६. थोरली मुलगी सारा फेब्रुवारी १८०७ची. सगळं जागच्या जागी. काउंटीची हद्द तपासा, वधूचं माहेर तपासा, असं वंशावळी शोधणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते ते याच कागदामुळे. कागद तपासण्यावरून आठवलं: महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांच्या भिंतींवर वसंत बापटांच्या मराठीतून लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र लावलेलं असतं. ते त्याच्या संकलित पत्रव्यवहारात नाही. सॉलोमन आणि डेव्हिड यांना लिहिलेली पत्रं आहेत, आणि ती शाळेतल्या मुलांनी वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडच्या बाजूचं कोडंही, म्हणजे सॅम्युअल नोकर म्हणून का आला हे, कागदानेच सोडवलं. जे. हेन्री ली आणि जे. आर. हचिन्सन यांनी १९०९ साली दाखवलं की सॅम्युअलचे आजोबा रिचर्ड लिंकन हे स्वाँटन मॉर्लीचे बऱ्यापैकी जमीनदार होते. १६२० साली ते वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने मालमत्ता शेवटच्या पत्नीच्या मुलांकडे गेली. थोरल्या मुलाच्या, म्हणजे सॅम्युअलचा बाप एडवर्ड याच्या, हाती फारसं काही लागलं नाही, आणि त्याची मुलं एकामागून एक समुद्रापार गेली.

नॅन्सीची बाजू सगळ्यात अवघड होती, कारण स्त्रीचं आडनाव बदलतं आणि जमिनीचे दस्त पुरुषांच्या नावे असतात. लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन याने पुढे लिहिलं की नॅन्सी ही ल्यूसी हँक्सची लग्नाआधीची मुलगी, असं लिंकनने आपल्याला सांगितलं होतं. अनेकांना ते मान्य नव्हतं. त्यांनी तिच्यासाठी दुसरी आई सुचवली. लिंकनची बहीण सारा १८२८ साली बाळंतपणात गेली, त्यामुळे नॅन्सीची लेकीकडून चालणारी ओळ तिथेच थांबली. संशोधकांनी मग हँक्स घराण्यातल्या आईकडून लेकीकडे चालत आलेल्या इतर शाखा हयात माणसांपर्यंत आणल्या आणि त्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला, कारण तो फक्त आईकडून येतो. २०१५ साली निष्कर्ष आला. एक्स-१-सी हा अतिशय विरळा गट या शाखांत जुळला, आणि नॅन्सी ही ल्यूसी हँक्सचीच मुलगी ठरली. हर्नडनच्या सांगण्यातला आईपुरता भाग खरा निघाला.