जुन्या ॲम्बॅसडरचे मागील ब्रेक : ओळख व बदल

आपल्या कार्यक्षेत्रात आजही काही सभासदांच्या दारात ॲम्बॅसडर उभी असते. मॉरिस ऑक्सफर्ड तीनच्या धर्तीवरची ही गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. म्हणजे सर्वांत धाकटी गाडीसुद्धा २०१४ सालची. गाडी दणकट खरी, पण दणकट पत्र्यामुळे गाडी थांबत नाही, ब्रेकमुळे थांबते. त्यातही मागील ब्रेकांकडे आपले हमखास दुर्लक्ष होते, म्हणून ही माहिती देत आहोत.

दुर्लक्ष होण्याचे कारण साधे आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबविण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. मागचे लायनर त्यामानाने सावकाश झिजतात, ड्रमच्या आत झाकलेले असल्याने दिसतही नाहीत. परंतु हँडब्रेक याच मागच्या शूंवर चालतो. मागे तीन माणसे आणि डिकीत दोन पोती घालून घाट उतरताना, किंवा चढावर गाडी उभी करून खाली उतरताना, भरवसा यांच्यावरच असतो. आणखी असे, की एका बाजूचा ब्रेक धरतो व दुसऱ्या बाजूचा सुटतो अशी स्थिती आली, तर ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग फिरतो.

ब्रेक गेल्याचे कसे ओळखावे? पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते, दोनदा दाबल्यावरच लागते. हँडब्रेकचा दांडा बराच वर ओढावा लागतो. मागून खर्र आवाज येऊ लागला, तर लायनर संपून रिबिट ड्रमवर घासत आहेत असे समजावे. पाच-सात किलोमीटर चालवून आल्यावर चाकाच्या मधल्या भागावर पाणी शिंपडून पाहावे. एकाच बाजूला चर्र झाले तर तिथला शू चिकटला आहे. हात लावून पाहू नये, भाजते.

टायरच्या आतल्या बाजूस ओल दिसली, तर ती कशाची हे आधी ठरवावे, कारण दोन्हींचे औषध निराळे. ओल दाट, काळपट आणि गिअर ऑइलचा उग्र वास असलेली असेल, तर ॲक्सलचे ऑइल सील गेले आहे. पातळ, बुळबुळीत असेल आणि बाटलीतील ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर व्हील सिलिंडर गळतो. त्याचे रबरी टोपण थोडे उचलले की आत ओल सापडते. पुष्कळ ठिकाणी नुसते लायनर बदलून गाडी परत दिली जाते आणि महिन्याभरात नवे लायनर पुन्हा तेलात भिजतात. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून सुधारत नाही, तो टाकूनच द्यावा. गळती आधी, लायनर नंतर.

आता सामानाविषयी. "ॲम्बॅसडरचे मागचे शू द्या" एवढे सांगून दुकानातून सामान आणू नये. इतक्या वर्षांत गाडीत बदल होत गेले. पुढे काही मॉडेलांना डिस्क ब्रेक आले, मागे मात्र ड्रमच राहिले. शिवाय जुन्या गाडीला मधल्या काळात कोणी कुठला ॲक्सल बसवला असेल, याचा नेम नाही. म्हणून ड्रम उघडून जुना शू बरोबर न्यावा. लांबी, रुंदी, टोकांचा आकार व स्प्रिंगची भोके जुळवून मगच पैसे द्यावेत. सामान दोन्ही चाकांचे एकदमच घ्यावे. एका बाजूला नवे व दुसऱ्या बाजूला जुने ही काटकसर नव्हे.

काम सपाट, कठीण जमिनीवर करावे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत व हँडब्रेक सोडावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. उचलल्यावर ॲक्सलखाली मजबूत स्टँड द्यावा, विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून कोणी खाली वाकू नये. ॲडजस्टर पूर्ण सैल करावा. काही गाड्यांत तो मागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा असतो, काहींत ड्रमच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हरने फिरतो. ड्रम अडला तर काठावर घण घालू नये. तो बिडाचा असतो, तडकतो. लाकडी ठोकळा मध्ये धरून चहूबाजूंनी हलके ठोकावे.

आतील धूळ फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसात गेल्यास पुढे कॅन्सर होऊ शकतो. धूळ पाण्याने भिजवून फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे. मिस्त्रीचा पोऱ्या तोंडाने फुंकत असेल तर त्यालाही थांबवावे.

एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते. तरी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन शूंपैकी एक जास्त झिजलेला दिसला तर घाबरू नये. चाक पुढे फिरताना एक शू आपणहून ड्रमात ओढला जातो, त्याला काम जास्त पडते. स्प्रिंगा ताणलेल्या असतील तर बदलाव्यात. शू जेथे प्लेटवर घासतो तेथे ग्रीसचा नुसता हात फिरवावा, लायनरला मात्र बोटही लागू देऊ नये. ड्रमला खोल चरे असतील तर लेथवर दोन्ही ड्रम सारखे करून घ्यावेत. ठरलेल्या मापापेक्षा मोठा झालेला ड्रम बदलावा.

सिलिंडर उघडला असेल तर एअर काढावीच लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल सोडायचा आणि पेडल वर येण्याआधी घट्ट करायचा. बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नये.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ब्रेकच्या बाटलीत ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल किंवा इंजिन ऑइल कधीही घालू नये. शेतावर डबा हाताशी असतो, "तेल ते तेल" म्हणून ओतले जाते. या खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात, पेडल अडकते किंवा ब्रेक सुटतच नाहीत. मग सर्व रबरे बदलून सगळ्या नळ्या धुवाव्या लागतात. डब्यावर डॉट-३ असे लिहिलेले सीलबंद ब्रेक ऑइलच घ्यावे. ते हवेतील ओल शोषून घेते व ओल शिरली की कमी उष्णतेला उकळते. ताजे डॉट-३ निदान २०५ अंशांपर्यंत टिकते, ओलावलेल्याचा नियम १४० अंशांचा आहे. त्यामुळे उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये आणि दोन वर्षांनी तेल बदलावे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी ब्रेकही पाहतात. हे काम त्याआधी उरकल्यास दुसरी खेप वाचते.

शेवटी चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळून, मोकळे फिरेल इतका मागे घ्यावा. हँडब्रेकची तार त्यानंतरच बेताची करावी, आधी ओढल्यास शू कायम घासत राहतात. पेडल घट्ट लागल्याची खात्री करूनच गाडी अंगणाबाहेर काढावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळावे, लायनर बसू द्यावेत, आणि मग ॲडजस्टर पुन्हा एकदा पाहावा.